मूळ पाठ

निवेदिका म्हणाली, "आता ऐकू या आपल्या चाकण भागातलं एक पारंपरिक लोकगीत," तेव्हा सुरय्याचं लक्ष पुढच्या रांगेतल्या एका अंबाड्यावरच्या अबोलीच्या गजऱ्याकडे होतं. पंपांच्या कंपनीचं स्नेहसंमेलन दर वर्षी असंच व्हायचं. तयार मालाची खोकी भिंतीकडे सारून शेडमध्ये ताडपत्र्या अंथरायच्या, साहेबांना सोफे, बाकीच्यांना भाड्याच्या खुर्च्या, शेवटी बटाटेवडा आणि पेढा. स्टोअर्समध्ये कारकून म्हणून लागून तिला बरीच वर्षं झाली होती, आणि या संध्याकाळी कुठं बसायचं, कधी टाळ्या वाजवायच्या हे आता अंगवळणी पडलं होतं. पॅकिंगमधल्या बायका एकसारख्या हिरव्या साड्या नेसून माइकपुढे उभ्या राहिल्या. पेटीनं सूर धरला. पहिल्याच ओळीला ऑइलपेंटच्या, डिझेलच्या, गजऱ्याच्या वासातून वाट काढत कांद्याच्या वाळक्या पापुद्र्यांचा वास सुरय्याच्या नाकात शिरला. शेडमध्ये कांदा कुठंच नव्हता.

निवडता निवडता दीस कलला गं बाई,
मोठ्याला मान मोठा, गोलटीला दाम न्हाई,
जोड निघाला कांदा, त्याला गिऱ्हाईक न्हाई,
एका सालीत दोघं, त्यांना अंधाराचं भ्या न्हाई.

शेवटच्या ओळीला मागच्या रांगांमधून 'वन्स मोअर' आला. बायकांनी लाजत ती पुन्हा घेतली. सुरय्याचे हात मांडीवर तसेच राहिले. पारंपरिक! ही परंपरा या घटकेला चाकणला घराच्या ओट्यावर बनियन घालून बसली असेल आणि बहुधा पायाची नखं काढत असेल. तिचं नाव बरकत इमाम बागवान, कांद्याच्या आडतीवरचा निवृत्त दिवाणजी, सुरय्याचा बाप. चालताबोलता, चहात खारी बुडवून खाणारा माणूस एका शब्दानं पुसला गेला होता. पुसणाऱ्यांच्या मनात कसलंही पाप नव्हतं, आणि तेच तिला जास्त लागलं. कुणी शिवी दिली असती तर उलट देता आली असती. इथं सगळे आनंदात होते. शेजारची म्हणाली, "किती छान ना गं? जुन्या बायका काय एकेक रचून गेल्या!" सुरय्या उठली, वडा न घेता बाहेर आली, आणि नवरा स्कूटर घेऊन येईपर्यंत गेटच्या उजेडात उभी राहिली. रियाजचं काळेवाडीत स्कूटर-दुरुस्तीचं गॅरेज होतं. त्यानं तिचा चेहरा पाहिला, काही विचारलं नाही आणि गाडी हळू चालवली. पवनेचा पूल ओलांडल्यावर तीच म्हणाली, "अब्बांचं गाणं चोरीला गेलं. माइकवर गायलं, पारंपरिक म्हणून." रियाज मान न वळवता म्हणाला, "सापडेल की. चोर तर माइकवर गात होता म्हणतेस."

लहानपणी शाळा सुटली की ती आडतीवर जायची. कांदा निवडणाऱ्या बाया राशीभोवती गोल बसलेल्या असायच्या, त्यांचे हात डोळ्यांशिवाय चालायचे. मोठा कांदा एकीकडे, बारीक गोलटी एकीकडे, आणि एका सालीत दोन गड्डे असलेला जोड कांदा बाजूला. व्यापारी तो घेत नसत, म्हणून बाया दिवस संपल्यावर तो ओटीत घालून घरी न्यायच्या. अब्बा गादीवर बसून शेतकऱ्यांच्या पट्ट्या लिहायचे. वजन, भाव, हमाली, खाली सही. एखादी पट्टी चुकली की ती फाडायची नाही, उलटी करायची आणि पाठीवर कविता लिहायची. सगळेच बाप असं करतात, असं तिला बरीच वर्षं वाटत होतं. घरी अम्मी त्या पट्ट्या कधी चुलीला लावायची, कधी डब्याच्या झाकणाखाली दडपायची. तिला वाचता येत नव्हतं आणि अब्बा तिला कधी थांबवत नसत. "डोक्यात आहे ना," म्हणायचे. आता ते डोकं अडुसष्टाव्या वर्षी आठवडेबाजाराचा वारही विसरत होतं. सुरय्याच्या स्टोअर्समध्ये एक बोल्ट इकडचा तिकडे झाला तरी खणाला लावलेलं कार्ड ते सांगायचं. तिनं स्वतःच ती शिस्त बसवली होती, तिचा तिला अभिमानही होता. आणि बापाचं सगळं आयुष्य मात्र कार्डाशिवाय पडलेलं. हे इतक्या उशिरा लक्षात यावं, याचीच तिला आतून चीड येत राहिली.

रविवारी नाशिक फाट्यावरून एस.टी. पकडून ती चाकणला गेली. भावजयीनं चहा टाकला. अब्बांनी सगळं ऐकून घेतलं आणि हसले. "पारंपरिक म्हणाले? मग बरोबर आहे."

"बरोबर कसं, अब्बा? तुम्ही लिहिलंय ते."

"लोक माझं नाव विसरले, गाणं विसरले नाहीत. याहून काय पाहिजे, बेटा?"

हे वाक्य इतकं गुळगुळीत आलं की त्यांनी ते केव्हातरी घासून तयार ठेवलं असावं, असं तिला वाटलं. अब्बा नम्र नव्हते. पट्टीवरच्या एका वेलांटीसाठी मालकाशी वाद घालणारा हा माणूस. ती म्हणाली, "निदान ती शेवटची ओळ तरी बघा. कंपनीतली पोरं वन्स मोअर देत होती." तेव्हा अब्बा पाणी प्यायला म्हणून उठले. घडवंचीवरच्या माठापाशी बराच वेळ पाठमोरे उभे राहिले आणि परत येऊन नातवाच्या गणिताबद्दल बोलू लागले.

कंपनीतल्या बायकांचं ते गाणं बसवलं होतं सुमनताईंनी. त्या चिंचवडच्या शाळेत मराठी शिकवायच्या; सुटीत गावोगाव हिंडून त्यांनी बायकांची गाणी गोळा केली होती आणि त्यांचं एक पुस्तकही काढलं होतं. सुरय्या त्यांच्या घरी गेली तेव्हा त्या झोपाळ्यावर बसून पेपर तपासत होत्या. बाई करड्या दिसल्या तरी सरळ होत्या. सगळं ऐकून चष्मा काढत म्हणाल्या, "तुमचे वडील मराठीत लिहायचे?"

हा प्रश्न सुरय्याला शाळेपासून पाठ होता. "हो. आम्ही घरात भांडतोही मराठीतच."

सुमनताई हसल्या, आणि ते हसू खरं होतं. "माझं चुकलं. पण हे बघा, मला हे तळवड्याच्या एका बाईनं सांगितलं. मंजुळाबाई म्हणून. कुणी रचलं हे तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. दिवाळीनंतर दुसरी आवृत्ती छापायला जाणार आहे. मला काहीतरी आणून द्या. हस्तलिखित, छापील कात्रण, काहीही चालेल. नाव घालायला मला आनंद होईल. नुसत्या शब्दावर घालता येणार नाही, तसं करायला लागले तर उद्या दहाजणी येतील." सुरय्याला ते पटलं. मागणीचिठ्ठीशिवाय तीही कुणाला बेअरिंग देत नसे.

मग ती कामाला लागली, आणि कामाला लागली की तिला बरं वाटायचं. चाकणच्या घरात जे होतं ते आधी काढलं: डब्यांच्या झाकणांखालचे कागद, कुराणाच्या रुमालात चुकून गुंडाळलेली एक पट्टी, भावाच्या जुन्या दप्तरातल्या दोन. अब्बा ओट्यावरून नुसते पाहत होते. अडवलं नाही, मदतही केली नाही. हवं ते गाणं त्यांत नव्हतं. भावजय म्हणाली, "खेडच्या दत्तोबाकाकांना विचारा की. त्यांच्या छापखान्यात किती जायचे."

दत्तोबा खेडला 'मशागत' नावाचं साप्ताहिक काढायचे. बाजारभाव, तालुक्याच्या बातम्या, आणि उरलेल्या जागेत बरकत बागवान. साप्ताहिक केव्हाच बंद पडलं होतं, यंत्र विकलं गेलं होतं, पण अक्षरांचे खिळे ठेवायचे लाकडी खण अजून भिंतीला होते. शिशाचे खिळे गेले आणि खणांमध्ये कागद आले. दत्तोबा ऐंशीच्या घरातले, कानानं जड. एकेक खण ओढून पलंगावर उपडा करत ओरडून बोलायचे, कारण त्यांना स्वतःचाही आवाज ऐकू येत नसे. "तुझ्या बापाचा टपालावर भरवसा नाही! कवितेबरोबर पत्र, आणि पत्रात पुन्हा तीच कविता. एक हरवली तर एक असावी! शिशाच्या वासाला कसर येत नाही, म्हणून ठेवलं सगळं इथं. घरची म्हणते जाळा. मी म्हटलं, ज्याचं आहे तो येईल न्यायला. तू आलीस!" सुरय्यानं एक पत्र उचललं. जांभळी पडलेली शाई, मागे कुणा शेतकऱ्याच्या कांद्याचं वजन. तिनं विचारलं, "काका, मी सगळं नेलं तर?" दत्तोबांनी हात कानाला लावला, मग हलवला. "ने, ने! आणि नीट लाव. मला जमलं नाही ते."

रियाजनं लोखंडी पट्ट्यांची मांडणी करून दिली आणि ती जमिनीपासून वीतभर वर बसवली. काळेवाडीत ओल यायची. सुरय्यानं बाजारातून बटरपेपर आणला. कामावरून आल्यावर चहा घेऊन ती बसायची. मऊ ब्रशनं कागद झटकायचा, घड्या उलगडून दोन पाट्यांमध्ये दाबून ठेवायच्या, खळ लावून कुणी काही चिकटवलं असेल तर ते तसंच राहू द्यायचं, ओढायचं नाही. पत्रं वेगळी, पट्ट्या वेगळ्या, कात्रणं वेगळी; प्रत्येक खणाला कार्ड. हात शांतपणे चालायचे, आणि डोकं त्या कागदांतून कुठल्या कुठं जायचं. पत्रांतले अब्बा तिच्या ओळखीचे नव्हते. ते चेष्टा करायचे, रुसायचे, एका स्वल्पविरामासाठी दत्तोबांना दोन-दोन पानं लिहायचे. एका पत्रात होतं: 'सुरय्याला गोवर निघाला आहे. दुकानाला सुटी घेऊन तिच्या उशाशी बसून आहे. तिसऱ्या ओळीत एक मात्रा जास्त होते, ती उद्यापर्यंत निघेल असे वाटते.' तिनं कागद खाली ठेवला. गोवराचे ते दिवस तिला लख्ख आठवत होते: खिडकीला लावलेला कडुलिंबाचा डहाळा, डोळ्यांची आग, आणि गोधडीवरून तिच्या दंडावर अब्बांची बोटं एका लयीत पडत राहणं. आपल्याला थोपटताहेत असं समजून ती झोपली होती. आयुष्यभर, जेव्हा जेव्हा जग बिनसलं तेव्हा तिनं ती बोटं आठवली होती. बाळंतपणात आठवली होती. आणि आता कळत होतं की ती मात्रा मोजत होती. आपण कुणाच्या तरी कवितेखालचा पाट होतो, इतकंच? रियाज गॅरेजमधून आला, हात धुता धुता त्यानं पत्र लांबूनच वाचलं. म्हणाला, "अब्बांनी सुटी घेतली होती ना? मोजायला तर दुकानात पण आली असती मात्रा." त्यानं ते इतक्या सहज म्हटलं की तिच्या छातीवरचा भार उतरला. ती बोटं दोन्ही करत होती. एकाच बोटानं माणूस दोन कामं करतो, यात एवढं दुखायचं काय? तिनं त्या पत्राला कार्ड लावलं.

कात्रण दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात सापडलं. 'मशागत', १९६२, एका बाजूला खताची जाहिरात, मध्ये चौकट, चौकटीत कविता, खाली 'बरकत बागवान, चाकण'. तिनं विजयानं हाक मारायला तोंड उघडलं आणि शेवटच्या ओळीवर अडकली. 'जोड निघाला कांदा, त्याला गिऱ्हाईक नाही,' इथपर्यंत सगळं तेच. पुढं होतं: 'नशिबाचे भोग सारे, कुणाला सांगू बाई.'

तिनं ते पुन्हा वाचलं. पत्रांच्या खणातलं त्या महिन्याचं पत्र काढलं. तिथंही तेच, अब्बांच्या हातचं: नशिबाचे भोग सारे. सालीतले दोघं नव्हते. अंधार नव्हता. असल्या भोगांच्या ओळी तिनं कॅलेंडरांवर आणि ट्रकांच्या पाठीवर कितीतरी पाहिल्या होत्या. तिला आधी छापखान्याचा राग आला, मग अब्बांचा, मग ज्या गोष्टीचा राग आला तिला नाव सापडेना. कात्रण न नेता बसावं, असा विचार एकदा तिच्या मनात आला. तो तिनं तिथंच टाकून दिला. मालात खोट दिसली म्हणून नोंद लपवणारी ती नव्हती.

सुमनताईंनी कात्रण खिडकीपाशी नेऊन पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "उत्तम! आता शंकाच नाही. वडिलांचं नाव येणार." मग पेन्सिल घेऊन त्यांनी आपल्या पुस्तकाच्या प्रतीवर शेवटची ओळ खोडली आणि वर लिहायला लागल्या.

"हे काय करताय?"

"मूळ पाठ घालते. कवी सापडला म्हणजे पाठही त्याचाच हवा. मधल्या काळात बायकांच्या तोंडी काहीतरी वेगळं शिरलं."

"पण बाई, ती ओळ... ती जास्त चांगली आहे."

"असेलही. पण ती त्यांची नाही ना?" सुमनताई मऊपणे म्हणाल्या. "तुम्हीच नाव मागायला आला होतात, सुरय्या. नाव हवं तर ओळही त्यांचीच घ्यावी लागेल."

घरी येताना सुरय्याला वाटलं, आपण बापाला शोधायला गेलो आणि शोधून त्याच्याच हातून गाणं मारायला निघालो. कंपनीत मागच्या रांगांमधून जो आवाज आला होता तो या चौकटीतल्या कवितेला कधीच आला नसता. पुढच्या वर्षी हिरव्या साड्यांमधल्या त्या बायका माइकपुढे उभ्या राहून नशिबाचे भोग गातील, छापलंय म्हणून. हे होऊ द्यायचं नाही, एवढं तिचं ठरलं. कसं, ते ठरायचं होतं. दुसऱ्याच दिवशी रियाजच्या मागे बसून ती निगडीवरून आत तळवड्याला गेली.

मंजुळाबाई अंगणात बसून शेंगा फोडत होत्या. अंग वाळकं, आवाज मोठा, नजर सरळ. सुरय्यानं आपण कोण ते सांगितलं तेव्हा त्यांनी सूप खाली ठेवलं. "बरकत दिवाणजीची लेक? अगं, तू आडतीवर यायची न्हवं? परकर घालून. पापुद्र्यात लोळायची. बस, बस. दिवाणजी हाय का?"

"आहेत, मावशी. तुमच्याच गाण्यासाठी आले. जोड कांद्याचं."

"माजं कशाचं? दिवाणजीचं हाय ते. त्येंनी वाचून दावलं हुतं आमाला, छापून आलं तवा." मग न विचारता म्हणाल्या, "शेवटची वळ तेवढी माजी."

"तुमची?"

"व्हय. मालक गेले तवा मी आन माजी जाऊ रंभा, दोगी चाकनला एका खोलीत ऱ्हायलो. तिचाबी गेल्याला. एक वाकळ हुती, त्यात दोगी निजायचो. दिवाणजीचं गानं म्हनायचो राशीवर, पन त्ये नशिबाचे भोग माज्या तोंडात बसंना. म्हटलं, जोड निघाला म्हून काय रडायचं? म्या आपली म्हटली तशी. रंभा हसली. ती हसली म्हून ऱ्हायली ती वळ, न्हाईतर गेली असती."

रंभा मागच्याच्या मागच्या साली गेली, असं त्यांनी शेंगा फोडता फोडता सांगितलं. सुरय्यानं विचारलं, "पुस्तकात तुमचं नाव घालू या का?" मंजुळाबाईंनी सूप झटकलं. "काय करायचंय नावाचं? घर लेकाच्या नावाव, रेशनकारड लेकाच्या नावाव. आमचं नाव निस्तं हाक मारायला." पण निघताना त्यांनी शेंगांची पुरचुंडी सुरय्याच्या हातात दिली आणि दारापर्यंत येऊन म्हणाल्या, "दिवाणजीला इचार. त्येंना राग नसंल तर बग."

अब्बांसमोर तिनं कात्रण ठेवलं. त्यांनी चष्मा लावला, कागद डोळ्यांपाशी नेला, लांब धरला. "दत्त्यानं ठेवलंय होय!" मग शेवटच्या ओळीपाशी त्यांचं बोट थांबलं आणि तिथंच राहिलं.

"अब्बा, मी मंजुळामावशींकडे जाऊन आले."

ओट्यासमोरून कांद्याचा एक ट्रक गेला, त्याची धूळ बसू नये म्हणून अब्बांनी कात्रणावर हात धरला. "छापून आलं त्याच आठवड्यात ऐकलं मी," ते म्हणाले. "गादीवर बसलो होतो. राशीवरून माझं गाणं येतंय म्हणून कान टवकारले आणि शेवटी भलतंच! असा राग आला. उठून गेलो, म्हटलं, बायांनो, ओळ अशी नाही, अशी आहे. त्यांनी मान दिला, माझ्यासमोर माझी ओळ म्हटली. मी वळून गादीवर येतोय तोवर पुन्हा त्यांची. मग मी हट्टाला पेटलो. म्हटलं हिच्यापेक्षा सरस ओळ करतो आणि पुढच्या अंकात छापतो. किती दिवस घासली. नाही झाली, बेटा. आणि एक दिवस पट्टी लिहिता लिहिता मालक म्हणाला, दिवाणजी, काय गुणगुणताय? मी तिचीच ओळ गुणगुणत होतो."

ते हसले. या वेळचं हसू घासलेलं नव्हतं. "म्हणून म्हटलं होतं, पारंपरिक बरोबर आहे. माझं म्हणावं तर खोटं, तिचं म्हणावं तर ते कुणी विचारलं नाही."

बावीस वर्षं हा माणूस एका ओळीपुढं मान खाली घालून होता आणि त्याला त्याचं ओझं झालं नव्हतं. सुरय्याच्या मनातला सगळा गुंता एकदम सुटल्यासारखा झाला. "बरोबर नाही, अब्बा," ती म्हणाली. "पारंपरिक म्हटलं की तुम्हीही गेलात आणि तीही गेली. रंभा हसली तेही गेलं. तुम्ही लिहून द्या. 'तीन ओळी माझ्या, चौथी मंजुळाबाईंची.' सही करा."

"आणि माझी चौथी?"

"खाली बारीक अक्षरात. तीही टाकायची नाही."

"बारीक?"

"बारीक, अब्बा."

त्यांनी कागद मागितला. ती कोरा कागद काढायला लागली तर त्यांनी हात हलवला आणि सुरय्याच्या भावाच्या दुकानातल्या पावतीपुस्तकातली एक पट्टी घेतली, उलटी केली, आणि वेलांट्या सांभाळत लिहून दिलं. सुमनताईंनी ती पट्टी झोपाळ्यावर बसून दोनदा वाचली. "पाठभेद वर आणि मूळ पाठ टीपेत! असं मी कधी छापलेलं नाही," त्या म्हणाल्या. सुरय्या म्हणाली, "मीही अशी पावती कधी फाडलेली नाही, बाई. पण माल दोघांकडून आलाय, तर नोंद दोघांची." सुमनताईंनी पेन्सिलीनं खोडलेली ओळ खोडरबरानं मोकळी केली. त्या बाईचा सरळपणा सुरय्याला त्या क्षणी फार आवडला.

पुस्तक संक्रांतीच्या सुमाराला आलं. एक प्रत चाकणला गेली, एक खेडला दत्तोबांकडे, त्यांनी ती नाकाला लावून वास घेतला आणि "ऑफसेट!" म्हणून नापसंती दाखवली. एक तळवड्याला. अब्बा आता रविवारी स्वतःच एस.टी.नं काळेवाडीला यायला लागले होते. मांडणीपुढं बसून तारखांवरून वाद घालायचे, हा कागद त्या खणात का, हे अक्षर माझं नाही, ही कविता वाईट आहे फेकून दे. सुरय्या फेकत नसे. "वाईटला वेगळा खण आहे," म्हणायची, आणि खरोखरच तिनं तो केला होता. या चार भिंतींत, स्कूटरच्या फटफटीत आणि शेजारच्या पिठाच्या गिरणीच्या घरघरीत, आपल्या बापाला आपण पहिल्यांदाच भेटतो आहोत असं तिला अधूनमधून वाटायचं, आणि ते वाटणं दुखरं नव्हतं.

असल्याच एका रविवारी दारात मंजुळाबाई उभ्या राहिल्या. नवं लुगडं, काखेत पिशवी, पिशवीत पुस्तक. अब्बांना पाहून त्यांनी पदर सावरला. "दिवाणजी, बरं हाय?" "बरं आहे, मंजुळाबाई. या." दोघंही कितीतरी वर्षांनी भेटत होती. मंजुळाबाईंनी पुस्तक काढून सुरय्यापुढं धरलं. "कुटं हाय, दाव." सुरय्यानं पान उघडलं. नावावर बोट ठेवलं. मंजुळाबाईंनी तिचं बोट बाजूला केलं, तिथं स्वतःचं ठेवलं, आणि अक्षरांवरून हळूहळू फिरवलं. "एवढं लांब?"

"मंजुळाबाई भैरू भालेकर. पूर्ण घातलंय."

"हं." पुस्तक मिटून त्यांनी ते पिशवीत ठेवलं आणि भिंतीला टेकून ऐसपैस बसल्या. "आता लिवून घे. म्या पुष्कळ केल्याती. राशीवर केल्याती, खुरपताना केल्याती. लेकाला सांगितलं तर म्हनतो, आय, शिफ्टला उशीर हुतोय. तू लिव्ह."

सुरय्यानं नवी वही उघडली. वर त्यांचं नाव लिहिलं. मंजुळाबाईंनी डोळे मिटले आणि म्हणाल्या:

शेत गेलं कंपनीला, बांध ऱ्हायला डोळ्यांत,
लेक येतो घराला, तेल त्याच्या नखांत.

सुरय्याचं पेन 'डोळ्यांत'पाशी होतं. मांडणीपासून अब्बांचा आवाज आला. ते पुढं वाकले होते, बोटं मांडीवर पडत होती. "मंजुळाबाई, एक सुचवू का? 'तेल'च्या जागी 'रात' घ्या. रात त्याच्या नखांत."

मंजुळाबाईंनी डोळे उघडले. ओठांतल्या ओठांत ती ओळ तशी म्हणून पाहिली, एकदा, पुन्हा एकदा. सुरय्या पेन उचलून थांबली.

"न्हाई, दिवाणजी," मंजुळाबाई म्हणाल्या. "रात न्हाई ती. तेलच हाय. कापडं म्या धुते."

अब्बांनी जरा विचार केला. मग मान डोलावली. "व्हय," ते म्हणाले. "तेलच."

सुरय्यानं 'तेल' लिहिलं.